झेंड्यांपासून पन्नास फूट

"आजी, डोकं खाजवून खाजवून शेवटी जमवलंच बघा," इंजिनियर म्हणाला आणि त्याने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. "तुमच्या सातही झेंड्यांना धक्का नाही. सगळी घरं पन्नास फूट सरकवली."

आत्याने नकाशाकडे पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बांधकामावरचा माणूस हसून बोलतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिचं ठरलेलं होतं. कालच तिने भाचीजवळ त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं.

इथे घरं उठायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ही टेकडी आत्याच्या लोकांची. म्हणून नियम असा, की आपली माणसं पुरली ती जागा त्यांनी दाखवायची, झेंडे रोवायचे, कागदावर सही करायची आणि बिल्डरने तेवढी जमीन सोडून बांधायचं. शेजारच्या टेकडीवर त्यांनी भोळेपणाने खरी जागा दाखवली होती. आठवड्याच्या आत कुणीतरी ती उकरून मडकी आणि मणी लंपास केले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काल आत्याने सातही झेंडे उतारावरच्या ओसाड दगडांत रोवले. तिथे दगडांखाली दगडच होते. घ्या, उकरा म्हणावं हवं तेवढं!

"कुठे सरकवली?" तिने विचारलं.

त्याने हात केला. काटेरी झुडपांमधून फक्कीची पांढरी रेघ थेट आरपार गेली होती. रेघेच्या टोकाला पोकलेन घरघरत उभं होतं.

"तिथे नुसती झुडपंच आहेत," तो म्हणाला. "तासाभरात साफ होतील."

ती झुडपं आपोआप उगवलेली नव्हती. तान्हं मूल गेलं की तिचे लोक त्याला तिथे पुरत आणि जनावराने उकरू नये म्हणून वर काटेरी झुडूप लावत.

याला कळलं कसं? कुणी फोडलं? तिने गर्रकन वळून मागे उभ्या असलेल्या भाचीकडे पाहिलं. भाची बावरली. ती बिचारी कालपासून झेंडेच खरे धरून चालली होती. तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गोडबोल्या खरोखरच सरळ माणूस होता. खोटे झेंडे रोवून घात तिने स्वतःच केला होता.

"थांबव ते मशीन," ती म्हणाली. "झेंडे खोटे आहेत. खरी जागा ती आहे."

इंजिनियरचं हसू मावळलं. "काल तिथे, आज इथे. आणि उद्या?"

"मशीन फिरलं तर उद्या कुठेच नाही."

"कागदावर सही आहे तुमची, आजी." आता तो तिचं तोंड निरखू लागला. "खरं सांगा, कुणी शिकवलं तुम्हाला? काम बंद पाडायचंय का? मी तुमच्या शब्दावर सगळं हलवलं."

"म्हणून तर सांगतेय."

"साहेब, घालू का बकेट?" पोकलेनवाल्याने वरून ओरडून विचारलं.

इंजिनियरने हाताने थांब म्हटलं. पण त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. त्याने खिशातून पेन काढलं. "नुसतं 'इथे आहे' म्हणून चालणार नाही. वरचे लोक खणून बघा म्हणतील. एक तरी जागा नेमकी दाखवा. कुठलं झुडूप, केवढी जागा, सगळं मापासकट."

आत्या काट्यांत शिरली. पातळ फाटलं, हाताला ओरखडे आले, तिने लक्ष दिलं नाही. कुठेही न अडखळता ती एका बुटक्या झुडपापाशी जाऊन खाली बसली.

"हे," ती म्हणाली.

"लांबी?"

तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, मध्ये थोडंसं अंतर.

"एवढी," ती म्हणाली. "अकरा दिवसांची होती."