गेटावरची तपासणी

कारखान्याच्या गेटावर वॉचमनकाका प्रत्येकीच्या कपाळासमोर तापाचं मशीन धरायचे. ताप असेल तिला आत सोडायचं नाही, हा नियम. या उन्हाळ्यात पायी येणाऱ्या सगळ्याच तापलेल्या निघाल्या. मग साहेबांनी तोड काढली: गेटाशेजारच्या ऑफिसात दहा मिनिटं एसीखाली बसवा, उतरला की कामाला लावा.

"उतरला गं. जा कामावर," एसीखालून उठून आलेल्या एका पोरीला काका म्हणाले.

"काका, अजून थोडा आहे म्हणा ना. पाच मिनिटं आणखी बसते."

काका हसले. तिनं गमतीनं मशीन हिसकावून त्यांच्याच कपाळावर रोखलं, आणि तिचं हसू मावळलं.

"एकशे तीन! काका, आधी तुम्ही जाऊन बसा."

काकांनी मशीन परत घेतलं, टोपीनं घाम पुसला.

"आत जाणाऱ्यांचा बघायचा असतो, पोरी. मला कुठं आत जायचंय?"