एकच नर

“रस्ता इकडून काढू की तिकडून?” मोजणीवाल्यानं विचारलं. कौतिकानं धाकट्या जावेच्या ऐनाच्या राईकडे बोट दाखवलं.

टसर रेशमाच्या कोशांतून निघालेल्या पतंगांच्या माद्या दोऱ्यानं झाडाला बांधल्या, की पहाटेपर्यंत रानातले नर आपसूक येतात. जावेची एकही मादी एकटी राहायची नाही. कौतिकाच्या निम्म्या एकट्याच राहायच्या. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

रस्त्यासाठी राई पडली. यंदा पहाटे कौतिका झाडापाशी गेली, तर सगळ्याच माद्या एकट्या. नर आजवर त्या राईतूनच येत होते.

मागून जाऊ आली, ओंजळीत फडफडतं पाखरू घेऊन. “बुंध्याच्या फुटव्यावर एवढा एकच नर सापडला, बाई. मला आता झाड नाही. तुमच्या मादीपाशी सोडा.”

कौतिकानं ओंजळ पुढे केली. इथंही हीच मोठी ठरली! तिच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.