जपलेले टायर

भाऊ ड्रायव्हर रोज ट्रक काढण्याआधी प्रत्येक टायरवर लोखंडी टॉमी आपटून हवा बघायचे, खाचांत अडकलेले खडे टोकरून काढायचे.

"भाऊ, बायकोलाही इतकं जपलं नसेल तुम्ही!" मालक चेष्टा करायचे.

मालकांच्या दुसऱ्या ट्रकचं आरटीओ पासिंग आलं. त्यांनी भाऊंचे टायर काढून त्याला चढवले आणि त्याचे गुळगुळीत झालेले भाऊंच्या ट्रकला लावले. भाऊ कुरकुरले, तर मालक म्हणाले, "एका फेरीनं काय आभाळ कोसळतंय?"

उतारावर पुढचा टायर फुटला. पासिंग झालेल्या ट्रकमधूनच मालकांनी भाऊंचं प्रेत घरी आणलं.

***

"वहिनी, वाटेत एक धक्का लागला नाही त्यांना," मालक डोळे पुसत म्हणाले. "टायर जपावेत तर भाऊंनीच!"