वाढवलं

‘ऊठ,’ मानेवरची जळू म्हणाली आणि माझे पाय उठले.

आकाशातून उतरलेल्या या जळवा गावात प्रत्येकाच्या मानेला चिकटल्यात. मनातलं त्यांना कळत नाही, पण त्यांनी उच्चारलेला शब्द आमचे हातपाय मुकाट पाळतात. आमच्या ह्यांना त्यांनी ‘चालत राहा’ म्हणून सांगितलं आणि ‘थांब’ म्हणायचं विसरल्या. हे चार दिवस चालतच राहिले. पाचव्या दिवशी देवळासमोर पडले, तेव्हाही पाय हलतच होते.

आज त्याच देवळाच्या पायरीशी जळूने मला एक अंडं उचलायला लावलं. तपकिरी, केसाळ, अगदी सोललेल्या नारळासारखं.

‘यात आमची राणी आहे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या अंगात ऊब आहे. हिला वाढव.’

माझे हात शिवशिवले. चाळीस वर्षं मी इथेच नारळ विकले, लोकांना दगडावर वाढवूनही दिले. देवाच्या दारात ‘नारळ फोडा’ असं अभद्र कुणी बोलत नाही, ‘वाढवा’ म्हणतात. वाढव म्हटलं की माझ्या हातांना एकच काम ठाऊक.

‘नक्की वाढवू ना?’ मी मुद्दाम विचारलं.

‘किती वेळा सांगायचं? वाढव!’

हात वर गेले आणि दाणकन खाली आले. दगडावर अंड्याची दोन शकलं झाली. हिरवं पाणी पायरीवरून ओघळलं, बरोबर जिथे हे पडले होते तिथे.

‘काय केलंस हे?’ जळू किंचाळली.

‘वाढवलं,’ मी म्हणाले. ‘अजून असतील तर आण. सगळी वाढवून देते.’