येते हं

वाट दाखवायचा मान आज उर्जाने भांडून मिळवला होता. वाल्डॉर्फ गावाहून आल्प्समध्ये सुट्टीला आलेल्या आईबाबांना तिने न चुकता दरीच्या काठावर आणलं, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती.

"उर्जाऽ!" ती ओरडली.

"उर्जाऽ!" प्रतिध्वनी आला.

"चला लीडरबाई, उतरू आता," बाबा म्हणाले.

"जातेऽ!" तिने दरीचा निरोप घेतला.

"जाते नाही गं, येते म्हणावं," थर्मास पिशवीत कोंबत आई पाठमोरीच म्हणाली.

"येते हंऽ!" उर्जाने खणखणीत आवाज दिला.

दरी क्षणभर गप्प राहिली. मग समोरून उर्जाच्याच आवाजात आलं, "कधी?"

उर्जाचं तोंड मिटलेलं होतं.

आईला वाटलं, लेकच विचारतेय. "उद्या!" तिने मोठ्याने सांगून टाकलं.

"बरं," दरीतून आलं. "वाट बघते."