शिवलेली पुस्तकं

महिपतनं पिशवीतून खळीचा डबा काढून टेबलावर ठेवला, तर ग्रंथपाल गुरुप्रसाद सर म्हणाले, "ते नको काका. चिकटवायचं काही नाहीये. सोडवायचंय."

अपरांत विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत महिपत पहिल्यांदाच आला होता. ग्रंथालय जुन्या दोन चिरेबंदी खोल्यांत होतं, तेव्हा तिथली पुस्तकं घरी नेऊन त्यानं आणि विमलानं, त्याच्या बायकोनं, बांधली होती. इथं तीन मजले होते, काचा होत्या आणि चपला बाहेर काढून आत जायची ही थंडगार खोली होती. बाइंडिंगवाल्या काकांना बोलावलंय असा ग्रंथपालांचा निरोप आला, तेव्हा त्याला वाटलं, काम निघालं. विमला गेल्यावर आज पहिल्यांदा त्यानं खळ शिजवली. इतकी वर्षं ढवळायची ती, त्यामुळं आज गुठळ्या झाल्या. त्या त्यानं बसून बोटांनी फोडल्या होत्या.

"सोडवायचं म्हणजे?"

सरांनी शेजारच्या यंत्रावर हात ठेवला. "हा स्कॅनर. सुटी पानं इकडून घालायची, ती कंप्युटरमध्ये जातात. शिवलेलं पुस्तक हा घेत नाही. म्हणून पाठीकडून कापून पानं मोकळी करायची. कटर आणलाय नवीन."

"आणि परत शिवायची कधी?"

"परत कशाला?" सर मनापासून हसले. "एकदा आत गेलं की कायमचं राहिलं. फाटणं नाही, वाळवी नाही, ओल नाही. दोन हजार आठ उजाडलं काका. मार्चच्या आत अनुदान संपवायचंय."

"मग पानांचं काय?"

उत्तर सदू शिपायानं दिलं. तो दाराशी स्टुलावर बसला होता. "रद्दी. मिरकरवाड्यात, मासळीवाल्यांकडं जायची. बांगडे गुंडाळायला जुना कागद बरा."

"सदू, गप," सर म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

महिपतनं डबा पिशवीत ठेवला. "मला नाही जमायचं सर."

"हरकत नाही. सदू करील. सकाळी त्यानं एक करून बघितलंय."

सदूनं ते कापलेलं पुस्तक पुढं केलं. महिपतनं वरचं पान उचललं. पातं फार आत बसलं होतं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर अर्धं गेलं होतं.

"अरे मेल्या, अक्षरं कापलीस की."

"मला काय कळतंय त्यातलं? मी चहा आणणारा माणूस."

महिपतनं ते पान परत ठेवलं. मग त्यानं पिशवी भिंतीशी टेकवली आणि टेबलावरच्या ढिगातलं वरचं पुस्तक घेतलं.

पाठीवरचं कापड त्यानं नखानं सोललं. आत विमलाची शिवण दिसली. आठ-आठ पानांचा एकेक जुज, आणि प्रत्येक जुजाला वेगळी गाठ. दुसरे लोक शेवटी एकदाच गाठ मारतात. विमलाला तो म्हणायचा, एवढ्या गाठी कशाला गो, वेळ जातो. ती म्हणायची, पोरांच्या हातात जायचीत. एक जुज सुटला तर बाकीचे तरी जागेवर राहतील.

त्यानं पिशवीतली सुई घेतली आणि पहिली गाठ उकलायला लागला.

"काका, कटर आहे ना," सर म्हणाले.

"दोरा सोडवतो. कापलं की पान अरुंद होतं."

"होऊ दे. मजकूर आला म्हणजे झालं."

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटेना. मेण लावून ओढलेला दोरा होता, इतक्या पावसाळ्यांत तो फुगून घट्ट बसला होता. सुईचं टोक वाकलं. त्यानं दातानं प्रयत्न केला. सरांनी ढिगाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

सदू उठून जवळ आला आणि वाकून बघायला लागला. "काय घट्ट शिवलंन रे वहिनीनं! कोणी सोडवूच नये म्हणून?"

"तिला कोणी सांगितलं नव्हतं," महिपत म्हणाला, "की पुढं सोडवायचंय."

सदू परत स्टुलावर जाऊन बसला. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिले.

महिपतनं सुई खाली ठेवली. पुस्तक उचलून कटरखाली सरकवलं. एका बाजूनं वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, किंचित मागं घेतलं. अक्षराला धक्का लागणार नाही अशी जागा त्याला सापडली. मग त्यानं दांडा दोन्ही हातांनी खाली दाबला.

पातं उतरलं. पानं मोकळी होऊन टेबलावर पसरली. एकही अक्षर गेलं नव्हतं.

"वा! याला म्हणतात काम," सर म्हणाले. सदूनं पानं गोळा करून स्कॅनरमध्ये लावली. यंत्र एकेक पान आत ओढायला लागलं.

कटरच्या मागच्या बाजूला पुस्तकाच्या पाठीची बोटभर जाडीची पट्टी पडली होती. महिपतनं ती उचलली. दोन्ही टोकं धरून ओढून बघितली. मग जोर लावून ओढली. शिवण जराही हलली नाही.

"काका," सर म्हणाले, "पुढचं घ्या."