शिंक्यातलं मडकं

“घरात शिल्लक काही?” करमरकरांनी विचारलं.

महाडहून एस.टी.नं पोलादपूर आणि तिथून पायी डोंगर चढून ते कुडपणला आले होते. पलटणीतून परतलेल्या, पण आता हातपाय थकलेल्या म्हाताऱ्यांना दरमहा मदत मिळायची. तिच्यासाठी घरोघर जाऊन चौकशी करणं हे त्यांचं काम. नियम सरळ होता: घरात पैसा साठवलेला निघाला की अर्ज बाद.

“काय नाय, सायेब,” कुशाबा म्हणाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे तो करमरकरांच्या आवाजाकडे तोंड करून ताठ बसला होता. “मूलबाळ नाय. मी हा असा. हिचे गुडघे गेले, हिरडा गोळा करायला रानात जाववत नाय. तुमचं मिळालं तर दोन घास खाऊ.”

करमरकर लिहायला वाकले. तेवढ्यावर भागलं असतं. पण कुशाबाचा सगळा जन्म शब्दाला जागण्यात गेलेला. नुसतं तोंडानं सांगितलेलं सरकारला पुरतं, हे त्याला पटेना.

“बये, बेलभंडार आण. देवासमोर उचलून सांगतो. कागदावर काय, कोण पण लिवतो.”

“अहो, गरज नाही त्याची,” करमरकर म्हणाले.

“तुमाला नसंल. मला हाय.”

बयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. देवापुढच्या ताटलीत बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन आली. कुशाबानं हात पुढे केला, पण ताटली काही हाती येईना. त्यानं ओढली. तिनं सोडली नाही.

“नका उचलू,” ती म्हणाली.

“का गो?”

“खोटा पडंल.”

मग तिनं करमरकरांना वर बघायला खुणावलं. आढ्याला शिंकं होतं आणि शिंक्यात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. करमरकरांनी ते आल्या आल्या पाहिलं होतं आणि तूप असेल म्हणून सोडून दिलं होतं. आंधळ्याच्या घरात काही लपवणं सोपं नसतं. त्याचा हात कोनाड्यातून, कणगीतून, अंथरुणाखालून सारखा फिरत असतो. म्हणून बयाबाईनं आपली हिरड्याची आणि अंड्यांची कमाई सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत टांगली होती, फक्त नवऱ्याचा हात पोचणार नाही इतकी उंच.

“माझ्या डोक्यावर टांगलंस,” कुशाबा हळूच म्हणाला, “आन मलाच पत्ता नाय?”

“तुमचा हात पोचला असता तर कुणाच्या तरी लग्नात आहेर झाला असता.” ती करमरकरांकडे वळली. “मिरजेला डोळे करून देतात, सायेब. वाटखर्च, तिथलं ऱ्हाणं, चष्मा, सगळं त्यात बसतंय. भात झोडून झालं की ह्यांना सांगणार हुते. आता तुमाला काय लिवायचं ते लिवा. ह्यांचा बेल खोटा नको.”

कुशाबाचं तोंड आढ्याकडे वळलं होतं. ताटलीवरची त्याची बोटं सरकत तिच्या बोटांवर गेली आणि तिथंच राहिली.

करमरकर नियमाला धरून चालणारे गृहस्थ. कचेरीत त्याबद्दल त्यांची पुष्कळ थट्टा व्हायची. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“आज चौकशी पुरी झाली नाही,” ते म्हणाले. “मला उजेडात खाली उतरायचंय. शिमग्याआधी पुन्हा येईन. शिल्लक असेल तर मदत नाही, हे मी सांगितलं. आणि खर्च झालेल्या पैशाला शिल्लक म्हणत नाहीत, हेही सांगून ठेवतो.”

शिमग्याआधी ते खरंच आले. शिंकं रिकामं होतं. कुशाबाच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता आणि त्यामागं त्याचे डोळे लहान मुलासारखे मोठे दिसत होते.

“घरात शिल्लक काही?”

“थांबा, सायेब. बये, बेल आण.”

“पुन्हा?” करमरकरांनी कपाळाला हात लावला.

“तवा न बघता उचलणार हुतो. चुकलंच. आता बघून उचलतो.”

बयाबाई ताटली घेऊन समोर उभी राहिली. कुशाबानं घर तपासायला सुरुवात केली, पलटणीत साहेब किट तपासतो तसं, एका टोकापासून. चूल पाहिली. जातं पाहिलं. कणगीत डोकावून आला. पालथी घातलेली भांडी, दोरीवरचं एकुलतं लुगडं, रिकामं शिंकं. सगळ्यावरून नजर फिरवत तो ताटलीपाशी आला. बेलाच्या पानाला हात घातला आणि वर तिच्याकडे पाहिलं.

डोळे गेले तेव्हा तिचे केस काळे होते. आता सगळं डोकं पिकलेलं. मिरजेहून आल्यापासून तो रोज तिला बघत होता, तरी अजून त्याचं बघून संपत नव्हतं.

त्यानं बेलावरचा हात काढून घेतला.

“काय झालं?” करमरकरांनी विचारलं.

“नाय उचलत, सायेब. घरात काय नाय, असं देवासमोर कसं बोलू?”

“काय बाय बोलत्यात,” असं म्हणत बयाबाईनं ताटली देवापुढं ठेवली आणि चुलीकडे तोंड करून बसली.

“तुमच्या बेलावाचून चालेल आम्हाला,” करमरकर म्हणाले, आणि शिल्लक या शब्दापुढं त्यांनी ‘निरंक’ लिहिलं.

डोंगर उतरताना मात्र त्यांना चैन पडेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरकारी कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं.